कॉन्सर्टच्या कॅसेट आणि त्यांतला गोंगाट: डिजिटल प्रतींच्या कामाच्या नोंदी

७ जानेवारी २०२४

आजच्या बैठकीत कामाची व्याप्ती ठरली. आम्हा जुन्या मित्रमंडळींकडे तरुणपणी ऐकलेल्या रॉक कॉन्सर्टच्या ज्या कॅसेट अजून शिल्लक आहेत, त्या एकत्र करून त्यांच्या डिजिटल प्रती करायच्या, प्रत्येक प्रतीला त्या कार्यक्रमाचे तिकीट, वहीतल्या नोंदी आणि हजर असलेल्यांच्या आठवणी जोडायच्या आणि शेवटी प्रत्येकाला एकेक संच द्यायचा, असे हे काम आहे. यांतली जवळजवळ सर्व ध्वनिमुद्रणे प्रेक्षकांत उभे राहून, रेकॉर्डर पिशवीत ठेवून आणि मायक्रोफोन शर्टाच्या कॉलरला लावून केलेली आहेत. मिक्सरमधून, म्हणजे मंचावरचे सगळे आवाज जिथे एकत्र होतात त्या यंत्रातून, थेट घेतलेली मोजकीच आहेत. संगीताचे हक्क ज्यांचे त्यांचे असल्यामुळे हा संच आमच्यापुरताच राहील, तो कुठेही चढवायचा नाही, हेही सर्वांनी मान्य केले.

एका मुद्द्यावर मात्र एकमत झाले नाही. आमच्यातला जो मित्र पुढे बरीच वर्षे ड्रम्स वाजवत राहिला, त्याचे म्हणणे असे की, आता सॉफ्टवेअरने शिट्ट्या, आरडाओरडा, शेजारच्याचे बेसूर गाणे हे सगळे काढून टाकता येते, तर मग एवढी खटपट करून तो कचरा जपायचा कशाला? हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटला तरी सगळ्या कामाचे स्वरूप त्यावरच ठरणार आहे, म्हणून काही कॅसेट ऐकून झाल्यावर त्याचा निर्णय घ्यायचा असे ठरले. तोपर्यंतचा नियम एकच: फितीवर जे आहे ते जसेच्या तसे उतरवायचे.

१० जानेवारी

कॅसेटची वर्गवारी सुरू केली. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये ही कॅसेट आणली ती मुख्यतः बोललेले टिपून घेण्यासाठी. जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंदीची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर एवढ्या संथ वेगाने सरकते आणि तेवढ्या रुंदीत दोन्ही बाजूंचे मिळून चार ट्रॅक बसवलेले असतात. स्टुडिओतल्या मोठ्या यंत्रांवर हाच वेग सहसा ३८ सेंटिमीटर असे. हे लक्षात घेतले म्हणजे दोन गिटार, बेस, ड्रम्स आणि हजारो माणसांचा आवाज या चिंचोळ्या पट्टीत मावला कसा, याचेच नवल वाटते.

आमच्याकडच्या बहुतेक कॅसेट नव्वद मिनिटांच्या आहेत. एकशेवीस मिनिटांच्याही काही निघाल्या. बाजू बदलण्याचा प्रसंग कमी यावा म्हणून त्या काळी त्या मुद्दाम घेतल्या जात, पण तेवढी लांब फीत त्याच डबीत बसवण्यासाठी ती फार पातळ करावी लागते आणि अशी फीत ताणली जाते, गुंडाळी सैल पडते, रोलरभोवती अडकते. या कॅसेट वेगळ्या काढून त्यांचे काम सर्वांत आधी करायचे ठरवले, कारण पुढच्या खेपेला त्या चालतील याची खात्री नाही.

वेष्टणांवरच्या मजकुरावर फारसे विसंबून चालणार नाही, हे पहिल्याच दिवशी कळले. एकाच कार्यक्रमाच्या दोन कॅसेटवर दोन वेगळ्या तारखा आहेत, आणि एका कॅसेटवर फक्त ‘जबरदस्त’ एवढेच लिहिलेले आहे. अर्थात याबाबतीत आम्ही एकटे नाही. अमेरिकन गायक बॉब डिलनचे १९६६ चे जे ध्वनिमुद्रण ‘रॉयल अल्बर्ट हॉल’ या नावाने वर्षानुवर्षे चोरट्या तबकड्यांवरून फिरत राहिले, ते प्रत्यक्षात १७ मे रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये झालेल्या कार्यक्रमाचे होते. १९९८ मध्ये ते अधिकृतपणे प्रसिद्ध झाले तेव्हाही जुने चुकीचे नाव अवतरणचिन्हांत ठेवावे लागले, इतके ते रुळले होते. आमच्या यादीत ‘वेष्टणावरील मजकूर’ आणि ‘खातरजमा झालेली माहिती’ असे दोन स्वतंत्र रकाने केले आहेत.

१४ जानेवारी

डेक कामाला लावला. फितीवरचा आवाज वाचणारे हेड आणि फीत पुढे ओढणारा दांडा, म्हणजे कॅपस्टन, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, रबरी रोलर वेगळा साफ केला, हेडमधले साठलेले चुंबकत्व काढले. त्यानंतर ज्यात खरा वेळ जातो ते काम, म्हणजे हेडचा कोन जुळवणे. हेडमधली फट फितीच्या दिशेला काटकोनात असावी लागते. ज्या रेकॉर्डरवर मूळ मुद्रण झाले त्याचा कोन किंचित कललेला असेल, तर नीट जुळवलेल्या चांगल्या डेकवरही तीच कॅसेट बोजड आणि घुसमटलेली ऐकू येते, झांजांची चमक नाहीशी होते. म्हणून प्रत्येक कॅसेटसाठी, आणि पुष्कळदा तिच्या प्रत्येक बाजूसाठी, हेडशेजारचा बारीक स्क्रू केसभर फिरवून मूळ रेकॉर्डरच्या कलाशी जुळवून घ्यावे लागते. फितीची सरसर कमी करणारी डॉल्बी पद्धत लावून केलेल्या मुद्रणांत हे अधिकच महत्त्वाचे, कारण डॉल्बी-बी पद्धत मुद्रणाच्या वेळी हलके उंच स्वर वाढवते आणि ऐकताना त्याच प्रमाणात खाली आणते. कोन चुकल्याने उंच स्वर आधीच दबले असतील तर हे गणित फसते आणि उरलेसुरले तेजही जाते.

हे जुळवताना माझ्या कानांवर मी भिस्त ठेवत नाही. वयोमानाने वरच्या पट्ट्यांतले ऐकू येणे कमी होतेच, आणि आम्ही तर तरुणपणाच्या कितीतरी संध्याकाळी स्पीकरच्या भिंतीसमोर कानांत काहीही न घालता काढल्या आहेत. दोन्ही चॅनेल एकत्र करून पडद्यावरच्या आलेखात उंच कंपनसंख्या सर्वाधिक कुठे उमटतात ते पाहायचे आणि तिथे स्क्रू थांबवायचा, ही पद्धत ठेवली आहे. सर्व मुद्रणे ९६ किलोहर्ट्‌झ, २४ बिट या दर्जाची घेत आहे. नव्वद मिनिटांच्या एका कॅसेटला सुमारे ३ गिगाबाइट जागा लागते.

२१ जानेवारी

दोन कॅसेटमधली फेल्टची गादी गळून पडली होती. फीत हेडवर दाबून धरण्याचे काम ही गादी करते. ती नसेल तर आवाज येतो-जातो, आणि ऐकणाऱ्याला फीतच खराब झाली असे वाटते. या दोन्ही डब्या स्क्रूच्या नसून चिकटवलेल्या असल्यामुळे शिवणीवर पातळ पाते घालून उघडाव्या लागल्या. फितीची दोन्ही चाके न हलवता उचलून स्क्रू असलेल्या रिकाम्या डबीत ठेवली, आतले दोन्ही गुळगुळीत पातळ पापुद्रे नवीन घातले आणि फीत पाचही ठिकाणांवरून नीट ओवली आहे ना ते पाहून डबी बंद केली. दोन्ही व्यवस्थित चालतात.

२८ जानेवारी

आजचा संपूर्ण दिवस वेगाच्या प्रश्नात गेला, आणि या कामातली आतापर्यंतची सर्वांत विलक्षण गोष्टही आजच घडली.

खिशातले किंवा पिशवीतले रेकॉर्डर बॅटरीवर चालत. कार्यक्रम लांबला आणि बॅटरी उतरत गेली की फीत सावकाश सरकते. अशी हळू मुद्रित झालेली फीत नेहमीच्या वेगाने वाजवली की संगीत जलद होते आणि सूर चढतो. आमच्याकडे मैदानावरच्या एका कार्यक्रमाची जी कॅसेट सर्वांत जास्त ऐकली गेली आहे, तिच्यावर नेमके हेच झालेले आहे. संशय पहिल्यांदा आला तो बेस गिटारमुळे. बेसची सर्वांत खालची तार नेहमीच्या जुळणीत ४१.२ हर्ट्‌झवर वाजते, आणि इथे शेवटच्या गाण्यांत सगळा बेस त्याच्या जवळजवळ अर्धा स्वर वर बसला होता. तेवढ्यावरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हते, कारण रॉकमध्ये सगळ्या तारा अर्ध्या स्वराने उतरवून वाजवण्याची रीत जुनी आहे, जिमी हेंड्रिक्सच्या कितीतरी मुद्रणांत ती आढळते. एखादा बँड तारा चढवून वाजवत असेल असे सहसा घडत नसले तरी अशक्य नाही.

पुरावा मिळाला तो दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत. अ‍ॅम्प्लिफायरमधून विजेच्या पुरवठ्याची जी बारीक घरघर सतत येत असते, ती जिथे वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा असतो तिथे ५० आणि १०० हर्ट्‌झवर उमटली पाहिजे. वाजवणाऱ्यांनी तारा कशाही लावल्या तरी ही घरघर बदलत नाही. आमच्या कॅसेटवर ती पहिल्या बाजूच्या सुरुवातीला १०० च्या अगदी जवळ होती आणि सरकत सरकत दुसऱ्या बाजूच्या अखेरीस १०६ वर गेली होती. म्हणजे शेवटच्या गाण्यांचा वेग सहा टक्क्यांनी, सुरांच्या भाषेत पुरत्या अर्ध्या स्वराने, वाढलेला होता. घरघरीचा हा आलेख मार्गदर्शक धरून सगळी बाजू टप्प्याटप्प्याने मूळ वेगावर आणली. सहा मिनिटांचे शेवटचे गाणे वीसेक सेकंदांनी लांबले.

संध्याकाळी हे दुरुस्त मुद्रण दोघा मित्रांना ऐकवले. ड्रम्स वाजवणारा मित्र अर्ध्या मिनिटात म्हणाला, “अरे, हे ते नाहीच. हे किती रेंगाळतंय! त्या दिवशी त्यांनी नुसती आग लावली होती.” दुसऱ्यालाही गायकाचा आवाज जाड आणि थकलेला वाटला. आम्ही तिघेही त्या मैदानावर हजर होतो, आणि त्या संध्याकाळी बँड याच वेगाने वाजला होता, हे विजेच्या घरघरीवरून सिद्ध होते. तरीही आठवण त्याला मान्यता देत नाही, कारण कार्यक्रम आम्ही एकदा ऐकला आणि कॅसेट त्यानंतर कित्येक वर्षे. ‘त्या वेळी काय जोश होता’ असे जे आम्ही एकमेकांना सांगत आलो, त्यातला काही भाग बँडचा होता आणि काही भाग उतरलेल्या बॅटरीचा.

संचात दोन्ही रूपे ठेवायची असा निर्णय घेतला. दुरुस्त रूप त्या संध्याकाळचे आहे. न दुरुस्त केलेले रूप त्यानंतरच्या आमच्या आयुष्याचे आहे, आणि स्मरणरंजनाच्या दृष्टीने पाहिले तर दुसऱ्याचाच हक्क अधिक आहे.

४ फेब्रुवारी

गोंगाट काढावा की ठेवावा, या पहिल्या दिवशी लांबणीवर टाकलेल्या प्रश्नावर आज सर्वांनी बसून चर्चा केली. माझी बाजू मी लेखी मांडली होती. तिचा गोषवारा इथे नोंदवतो.

ज्या थेट कार्यक्रमांच्या तबकड्यांवर आमची पिढी वाढली, त्यांतही हा प्रश्न वेगवेगळ्या रीतीने सुटलेला दिसतो. द हू या बँडने १४ फेब्रुवारी १९७० रोजी लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात केलेल्या कार्यक्रमाची तबकडी निघाली, तेव्हा तिचे वेष्टण चोरट्या तबकडीसारखे मुद्दाम साधे, शिक्का मारल्यासारखे केलेले होते, आणि तबकडीच्या मधल्या कागदावरच हाताने लिहिलेली सूचना होती की कडकड असा आवाज येतो तो ठीक आहे, तो दुरुस्त करू नये. पुढे सीडीच्या आवृत्त्या निघाल्या, तेव्हा तंत्र हाती आले म्हणून तो आवाज साफ केला गेला. दुसऱ्याच दिवशी हल शहरात झालेल्या कार्यक्रमाच्या फितीवर सुरुवातीच्या काही गाण्यांत बेसच मुद्रित झाला नव्हता. कित्येक दशकांनी ते मुद्रण प्रसिद्ध करताना लीड्सचा बेस उचलून तिथे बसवण्यात आला. ऐकायला ते उत्तम आहे, पण ते नेमक्या कोणत्या रात्रीचे म्हणायचे, हे सांगणे कठीण होते.

याच्या उलट टोकाला डीप पर्पलचे जपानमधले मुद्रण आहे. ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाकात दोन आणि टोकियोच्या बुडोकानमध्ये एक अशा तीन रात्री ते झाले, आणि त्यात नंतर स्टुडिओत काही भरले नाही असे बँडचे सांगणे आहे. थिन लिझीच्या १९७८ च्या थेट तबकडीबद्दल मात्र निर्माता टोनी व्हिस्कोंटी आणि बँडचे लोक यांच्यात, किती भाग मागाहून स्टुडिओत केला गेला यावरून सरळ मतभेद राहिले. म्हणजे ‘लाइव्ह’ असे छापलेल्या तबकडीतही गर्दी कितपत खरी आणि वादन कितपत त्या रात्रीचे, हे निर्मात्याच्या मर्जीवर असते. प्रेक्षकांत उभे राहून केलेल्या मुद्रणाला ही सोय नसते, आणि त्याची किंमत याच कारणामुळे आहे.

मँचेस्टरच्या ज्या मुद्रणाचा उल्लेख वर केला, त्यातला सर्वांत प्रसिद्ध क्षण कुठल्या गाण्यात नाही, दोन गाण्यांच्या मध्ये आहे: डिलनने विजेवरची गिटार हाती घेतल्याने चिडलेला एक श्रोता अंधारातून ‘जूडास’ (येशूला दगा देणारा शिष्य) असे ओरडतो, आणि डिलन ‘माझा तुझ्यावर विश्वास नाही’ अशा अर्थाचे उत्तर देऊन बँडला मोठ्याने वाजवायला सांगतो. आजच्या सॉफ्टवेअरच्या हाती ती फीत पहिल्यांदा लागली असती, तर एका बटणात ती हाक ‘अनावश्यक आवाज’ म्हणून निघून गेली असती.

प्रेक्षकांतून मुद्रण करणाऱ्यांचीही एक परंपरा आहे, आणि तिची नोंद या कामात असावी. लॉस एंजेलिसच्या फोरममध्ये माइक मिलार्ड हा तरुण नाकामिची ५५० हा जड रेकॉर्डर चाकांच्या खुर्चीत लपवून आत नेत असे; २१ जून १९७७ च्या लेड झेपेलिनच्या कार्यक्रमाचे त्याने केलेले मुद्रण आजही जाणकार वाखाणतात. ग्रेटफुल डेड या बँडने तर लपवाछपवीच संपवली: २७ ऑक्टोबर १९८४ पासून मुद्रण करणाऱ्यांसाठी मिक्सरच्या मागे स्वतंत्र जागा ठेवली जाऊ लागली. आम्ही यांच्यापुढे अगदीच किरकोळ. पण पिशवीतला रेकॉर्डर सांभाळत, खांद्यावर मायक्रोफोन असल्याने मान न हलवता, टाळी न वाजवता उभे राहण्याची शिक्षा आम्हीही भोगलेली आहे. आपल्याच आवडत्या गाण्याला स्वतः गप्प राहायचे, ही त्या छंदाची खरी किंमत होती.

चर्चेअंती ठरले ते असे: यंत्राचा दोष असेल तर काढायचा, माणसाचा आवाज काढायचा नाही. फितीची सरसर हलकी करायला हरकत नाही, वेग सुधारायचा, कोन जुळवायचा. पण शिट्टी, शिवी, खोकला, गाण्याची फर्माईश आणि शेजारच्याचे बेसूर गाणे जागच्या जागी राहील. ड्रम्सवाल्या मित्राने तेवढ्यापुरते मान्य केले. त्या बेसूर गाणाऱ्यांपैकी एक तो स्वतः आहे, हे त्याला मुद्दाम ऐकवले होते.

११ फेब्रुवारी

एकाच कार्यक्रमाच्या दोन कॅसेट आज समोरासमोर ठेवल्या. एक मंचाजवळून केलेली, दुसरी बरीच मागे मिक्सरच्या आसपास. मंचाजवळच्या कॅसेटची बाजू ऐन गिटारच्या एकल वादनात संपते. ती काढून, उलटून, पुन्हा बटण दाबेपर्यंतचा भाग तिच्यावर नाही. मागच्या कॅसेटवर तो आहे, कारण तिची बाजू वेगळ्या वेळी संपली. त्यामुळे संपूर्ण कार्यक्रम जोडता येतो. जोडलेले रूप स्वतंत्र फाइलमध्ये, सांधा कुठे आहे ते नोंदवून ठेवले आहे.

दोन्ही कॅसेट एकत्र मिसळून भरघोस आवाज काढावा, अशी सूचना होती. प्रयोग करून पाहिला तेव्हा एक गंमत हाती लागली. ड्रम्सवाल्या मित्राची कित्येक वर्षांची तक्रार आहे की त्या दिवशीचे प्रेक्षक बेताल होते, ठेक्याच्या मागे टाळ्या देत होते. मंचाजवळच्या कॅसेटवर ते स्पष्ट ऐकूही येते. मागच्या कॅसेटवर मात्र त्याच टाळ्या अगदी तालात आहेत. कारण साधे आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. मंचापाशी ठेका पडला की चौतीस मीटर मागे उभ्या असलेल्या माणसाला तो एक दशांश सेकंदाने ऐकू येतो, तो ऐकल्या क्षणी टाळी देतो, आणि त्याची टाळी पुढे पोहोचायला आणखी एक दशांश सेकंद लागतो. पुढे उभ्या असलेल्याला आणि मंचावरच्या वादकालाही ती एकूण दोन दशांश सेकंद उशिरा येते, आणि मध्यम लयीत एवढा उशीर कानाला चांगलाच खटकतो. प्रेक्षक तालातच होते. फक्त ते लांब होते. या कारणाने दोन्ही मुद्रणे मिसळली की संगीत जुळते आणि टाळ्या फाकतात. म्हणून मिश्रण केले नाही. दोन जागांवरून ऐकलेला एकच कार्यक्रम दोन स्वतंत्र फाइल म्हणून ठेवला.

१५ फेब्रुवारी

तिकिटांचे स्कॅनिंग पूर्ण. जुनी, छापखान्यात छापलेली तिकिटे उत्तम स्थितीत आहेत. नंतरच्या काळातली, उष्णतेने अक्षर उमटवणाऱ्या कागदावरची तिकिटे जवळजवळ कोरी झाली आहेत. त्यातही पीव्हीसीच्या पारदर्शक खिशांत जपून ठेवलेली अधिक, कारण त्या प्लॅस्टिकमधली द्रव्ये अशा कागदावरची अक्षरे पुसट करतात. निष्काळजीपणे वहीत खुपसलेली तिकिटे त्या मानाने वाचता येतात. सर्व तिकिटे पॉलिएस्टरच्या खिशांत हलवली.

२५ फेब्रुवारी

आठवणींचे टिपण पूर्ण झाले. कॅसेट ऐकण्याआधी प्रत्येकाने स्वतंत्रपणे लिहून द्यायचे, एकमेकांशी बोलायचे नाही, अशी अट होती. गाण्यांचा क्रम कुणालाच नीट सांगता आला नाही. दरवाजे उघडण्याआधीची रांग, वाद्ये जुळवताना उगाच वाजलेला एखादा ओळखीचा तुकडा आणि त्यावर उठलेला आरडाओरडा, बँड आत गेल्यानंतर तो पुन्हा येईल की नाही या शंकेत गेलेली मिनिटे, आणि परतताना कानांत वाजणारी शिट्टी, हे मात्र सगळ्यांच्या टिपणांत आहे. म्हणजे आठवणीने जे राखले ते बहुतेक दोन गाण्यांच्या मधले आहे, आणि सॉफ्टवेअर जे काढून टाकू पाहते तेही हेच आहे.

याच काळातल्या संगीताची ओढ का वाटते, यावर अभ्यास झालेले आहेत. मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, माणसाला साधारण तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी गाजत असलेली गाणी पुढे सर्वाधिक आवडतात, असे आढळले होते. ही गोष्ट एकदा मान्य केली की ‘आमच्या वेळचे संगीतच श्रेष्ठ’ या वाक्याचे वजन बरेच कमी होते, कारण प्रत्येक पिढी ते तितक्याच प्रामाणिकपणे म्हणणार.

ध्वनीच्या दर्जाबाबत तर आमची बाजू अगदीच लंगडी आहे. पंधरा ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्ससमोर ५५,६०० लोक होते, आणि गिटारसाठी खास बनवलेले १०० वॉटचे अ‍ॅम्प्लिफायर व गायनासाठी मैदानाचीच घोषणांची यंत्रणा एवढ्यावर तो कार्यक्रम झाला. वादकांना स्वतःचा आवाज ऐकू येणे मुश्कील होते. त्यानंतर केवळ नऊ वर्षांनी ग्रेटफुल डेडने सुमारे ७५ टनांची स्पीकरची भिंत उभी केली. ती वादकांच्या पाठीमागे असल्याने प्रेक्षकांना ऐकू येई तेच वादकांनाही ऐकू येई. मागचा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरू नये म्हणून प्रत्येक गायकापुढे उलट जोडलेले दोन मायक्रोफोन असत, त्यांतल्या एकाजवळच तो गाई, आणि दोहोंत सारखा येणारा आवाज आपोआप वजा होई. या सगळ्याचा खर्च आणि वाहतूक एवढी होती की १९७४ नंतर ती भिंत राहिली नाही. बाकी बहुतेकांचा उपाय आवाज वाढवणे हाच होता: ३१ मे १९७६ रोजी लंडनच्या चार्ल्टनमधल्या मैदानावर द हूचा आवाज ३२ मीटर अंतरावर १२६ डेसिबल मोजला गेला आणि गिनीज बुकात गेला. आमच्या कॅसेटवर गायकाचे शब्द निम्मे कळत नाहीत, आणि त्याचा दोष रेकॉर्डरला देण्याचे कारण नाही. मैदानावरही ते कळत नव्हते. आजच्या कुठल्याही मध्यम दर्जाच्या कार्यक्रमात यापेक्षा स्वच्छ ऐकू येते.

असे असूनही ओढ कमी होत नाही, याचे माझे उत्तर एवढेच की, ते ऐकायला मिळे ते बहुधा एकदाच. ज्याच्याकडे रेकॉर्डर नव्हता त्याला त्या रात्रीचे वादन पुन्हा कधी ऐकता येणार नव्हते, हे त्याला तिथे उभे असतानाच ठाऊक होते, आणि तो त्या जाणिवेने ऐकत होता. आमच्यासारखे काही जण पिशवीत यंत्र घेऊन ही अट मोडत होते. कॅसेट नसलेल्या एका मैत्रिणीचे टिपण सगळ्यांत तपशीलवार निघाले, यात मला तरी आश्चर्य वाटले नाही. गायकाने कोणत्या गाण्याआधी मायक्रोफोनचा स्टँड उजवीकडे सरकवला, हे तिने लिहिले आहे, आणि दोन्ही कॅसेटवर त्या जागी लोखंड घासल्याचा आवाज आहे.

१० मार्च

संच तयार. मूळ प्रती आकार न आवळलेल्या डब्ल्यूएव्ही स्वरूपात, रोज ऐकण्याच्या प्रती दर्जा न घटवता आकार कमी करणाऱ्या फ्लॅक स्वरूपात. प्रत्येक फाइलच्या नावात तारीख, जागा, मुद्रण करणाऱ्याची जागा आणि फितीचा प्रकार. सगळ्याच्या तीन प्रती, दोन वेगळ्या घरांत आणि एक दूरच्या साठ्यात. फाइल कालांतराने बिघडली तर कळावे म्हणून प्रत्येकीच्या चेकसमची, म्हणजे फाइलवरून काढलेल्या तपासणीच्या आकड्याची, यादी सोबत. तारीख निश्चित न झालेल्या कॅसेट ‘अनिश्चित’ या विभागात गेल्या. ‘जबरदस्त’ तिथेच आहे.

एक काम बाकी आहे. मिक्सरमधून घेतलेल्या मोजक्या मुद्रणांपैकी एक मोठ्या चकतीच्या फितीवर आहे. ती डेकवर लावताच चिरचिरत थांबते आणि हेडवर तपकिरी चिकट थर सोडते. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या, पाठीमागे थर दिलेल्या काही फितींचे बंधक द्रव्य हवेतली आर्द्रता शोषून असे चिकट होते. पन्नास ते पंचावन्न अंश सेल्सिअसच्या स्थिर उष्णतेत काही तास ठेवले की ती तात्पुरती वाजवण्याजोगी होते, आणि तेवढ्या अवधीत प्रत उरकून घ्यावी लागते. घरातल्या साध्या ओव्हनमध्ये तापमान इतके स्थिर राहत नाही, त्यामुळे हे घरी करायचे नाही. योग्य उपकरण असलेल्या व्यावसायिकाकडे फीत द्यायची आणि ती वाजण्याजोगी असतानाच डॉल्बीशिवाय, दोन्ही दिशांना, एकाच बैठकीत पूर्ण उतरवून घ्यायला सांगायचे, असे ठरले आहे. सोबत द्यायच्या पत्रात एक ओळ अधोरेखित केली आहे: गाण्यांच्या मधला भाग कापू नये.